औषधाला साखरेचं शेपूट

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "तू कम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी नाही म्हटलं. एआयवर सध्या पानटपरीवरही चांगलं ऐकायला मिळतं. माझा आजचा विषय आपल्या भागातल्या पिकांशी आणि आपल्या वयाशी जास्त संबंधित आहे. सकाळी नाश्त्याच्या वेळी माझ्या टेबलावरच्या आठ जणांपैकी पाच जणांनी खिशातून नाहीतर पर्समधून गोळीचं पाकीट काढलं. दहावीत आपल्या खिशात चिंचा असायच्या.

विषय असा आहे : औषधाच्या रेणूला साखर जोडली, तर ते औषध पेशीच्या आवरणातून कसं जातं, किंवा कसं जात नाही. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्रही बारावीनंतर सुटलं. इंजिनिअरिंग केलं आणि आता औषधांच्या रेणूंवर काम करणाऱ्यांसाठी जे सॉफ्टवेअर बनतं, त्यावर काम करते. नवा रेणू अजून कागदावरच असतो, तेव्हा तो पोटातून रक्तात उतरेल का याचा अंदाज ते सॉफ्टवेअर बांधतं. रेणूला साखर जोडली की त्या अंदाजातले सगळे आकडे हलतात. तिथून मला हा नाद लागला. समोर आपल्या वर्गातले डॉक्टर बसले आहेत. त्यांनी मध्येच थांबवलं तरी चालेल.

विज्ञानाच्या तासाला केलेला बेदाण्यांचा प्रयोग आठवतो का? बेदाणे पाण्यात टाकायचे आणि थोड्या वेळाने फुगलेले बेदाणे मोजून वहीत 'परासरण' असं लिहायचं. (मोजताना दरवेळी दोन-तीन कमी भरायचे, ते वेगळं.) पाणी आत शिरतं हे आपण पाठ केलं. पण साखर बाहेर का येत नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. आजचं भाषण त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

पुस्तकात ज्याला प्रद्रव्यपटल म्हणायचे ते पेशीचं आवरण म्हणजे स्निग्ध पदार्थांचे दोन थर. जाडी साधारण पाच नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. बाहेर पाणी, आत पाणी आणि मध्ये हा तेलकट पडदा. आता स्वयंपाकघरात जा. गरम तेलात साखर टाकली तर ती विरघळत नाही, तळाशी बसून करपते. ग्लुकोजच्या एका रेणूवर पाच हायड्रॉक्सिल गट असतात आणि प्रत्येक गट पाण्याच्या रेणूंना धरून असतो. तेलात शिरायचं तर हे सगळे हात सोडावे लागतात, आणि साखर ते सहजासहजी सोडत नाही.

एखाद्या औषधाला ग्लुकोज जोडलं की रेणूचं वजन १६२ ने वाढतं आणि हायड्रॉक्सिल गट निव्वळ तीनने वाढतात. १९९७ साली फायझर कंपनीतल्या क्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी तोंडावाटे घेण्याच्या औषधांसाठी एक ढोबळ नियम मांडला. रेणूचं वजन पाचशेच्या आत हवं, हायड्रोजनबंध देणारे गट पाचाच्या आत हवेत, वगैरे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नियम आजही आहे. साखरेचं शेपूट लावलं की रेणू त्या मर्यादेकडे सरकतो, कधी पलीकडे जातो. म्हणजे पहिलं उत्तर सोपं : साखर जोडली की औषध पाण्यात जास्त विरघळतं आणि पेशीच्या आवरणातून कमी जातं. परीक्षेत एवढ्यावर पूर्ण गुण मिळाले असते. पण शरीर या गोष्टीचा वापर कसा करतं, ते बघण्यासारखं आहे.

आपलं यकृत दिवसरात्र हेच काम करत असतं. नको असलेल्या किंवा काम संपलेल्या रेणूला ते ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं. हा ग्लुकोजचाच भाऊ, ग्लुकोजपासूनच बनतो. हे शेपूट लागलं की रेणू पाण्यात विरघळतो, पेशींमध्ये परत घुसू शकत नाही, आणि लघवीवाटे नाहीतर पित्तावाटे बाहेर जातो. तापासाठी आपण पॅरासिटामॉल घेतो, त्याचा साधारण निम्मा भाग असाच शेपूट लावून बाहेर पडतो. लग्नाच्या मांडवात ज्याचं जेवण झालं त्याच्या हातात पानाचा विडा देतात, तसं. विडा मिळाला की पंगतीत परत बसायचं नाही.

हे शेपूट वेळेवर लागलं नाही तर काय होतं, ते आपल्यापैकी अनेकांनी घरी पाहिलं आहे : नवजात बाळाची कावीळ. जुन्या लाल रक्तपेशी तुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. मोठ्या माणसाचं यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाचे दोन रेणू जोडून पित्तात सोडतं. जन्मलेल्या बाळात हे काम करणारं एन्झाइम मोठ्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक टक्का असतं. शेपूट नसलेलं बिलिरुबिन तेलकट राहतं, आणि जे तेलकट ते पडद्यातून जातं. प्रमाण फार वाढलं तर ते मेंदूतही शिरतं. त्यातून कायमचा बहिरेपणा येऊ शकतो, हातापायांवरचा ताबा जाऊ शकतो. बहुतेक बाळांची कावीळ आठवड्याभरात आपोआप उतरते, म्हणूनच ज्याची उतरणार नसते त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

यावरचा उपाय एका नर्सच्या नजरेतून सापडला. १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थोडा वेळ बाहेर उन्हात नेत असत. एका बाळाचं अंग फिकट झालं होतं, पण चादरीने झाकलेला भाग तेवढा पिवळाच राहिला होता. ते त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातून निळ्या प्रकाशाचा उपचार उभा राहिला, जो आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतो. तो प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची घडी बदलतो. घडी बदलली की तो साखरेच्या शेपटाशिवायच पाण्यात विरघळतो आणि बाहेर पडतो. यकृताला जे जमत नाही, ते काम दिव्याने होतं.

इथे थोडं थांबून बोलते, कारण आपल्याकडे अजूनही "सकाळचं कोवळं ऊन दाखवा, उतरेल" असं सांगितलं जातं. मूळ शोध उन्हातूनच लागला हे खरं, पण उन्हाचं माप नसतं. किती मिनिटं, किती तीव्र, बाळ गार पडलं का, भाजलं का, काहीच हातात राहत नाही. पिवळेपणा पोटाखाली, पायांपर्यंत उतरला असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर रक्ततपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. तुमच्या सुना-भाच्यांपर्यंत एवढं पोचवा. डॉक्टरांनी "दोन दिवस पेटीत ठेवू" म्हटलं तर "एकच दिवस ठेवा की" अशी घासाघीस करू नका.

आता हळद.

आपल्या बॅचमधल्या काही जणांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे, ते तुम्हाला माहीत आहे. नांदेड, हिंगोली, परभणी हा हळदीचा पट्टा. वसमतच्या हळदीला तर आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्यांनी मला विचारलं : "हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून विकण्यात काय राहतं? कर्क्युमिनची कॅप्सूल काढली तर? मिरीचा अर्क घालून? मशीनला कर्ज मिळतंय." प्रश्न पैशाचा आहे, त्यातही घरं तारण ठेवून घेतलेल्या पैशाचा, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर आणि सविस्तर देते.

हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, जातीनुसार कमी-जास्त. काचेच्या नळीतल्या पेशींवर ते टाकलं की पुष्कळ काही करताना दिसतं, त्यावर हजारो शोधनिबंध आहेत. अडचण गिळल्यावर सुरू होते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे थोडं आतड्याच्या पेशींत शिरतं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत मिळून लगेच ग्लुकुरॉनिक आम्लाचं शेपूट लावतात. पंगतीत बसायच्या आधीच हातात विडा. रक्तात तपासायला जावं तर मूळ कर्क्युमिन सापडत नाही, सापडतं ते शेपूटवालं, आणि ते पेशींच्या आत सहज शिरत नाही.

१९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते मिळालं नाही किंवा नाममात्र मिळालं. मग त्याच्याबरोबर मिरीतलं पिपरिन दिलं, फक्त वीस मिलिग्रॅम. रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. बाजारातल्या प्रत्येक डबीवर हा आकडा ठळक छापलेला असतो. प्रयोग खरा आहे, आकडाही खरा आहे. पण इंजिनिअर म्हणून मला टक्केवारी दिसली की मी आधी 'कशाचे टक्के' ते विचारते. शून्याच्या शेजारच्या आकड्याला वीसने गुणलं तरी तो फार दूर जात नाही. शिवाय दोन ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे किती हळद? तीन टक्क्यांच्या हिशेबाने सहासष्ट-सदुसष्ट ग्रॅम, एका बैठकीत. आपल्या वरणात चिमूटभर पडते.

२०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात कर्क्युमिनचा मोठा आढावा छापून आला. तोवर माणसांवर १२० हून जास्त चाचण्या झाल्या होत्या. कुणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही माहीत नाही, अशा कडक पद्धतीच्या चाचणीत ते ठामपणे उतरल्याचं एकही उदाहरण त्या लेखकांना मिळालं नाही.

आता मिरीचं बघा. पिपरिन कर्क्युमिनला आत ढकलत नाही. ते शेपूट लावणाऱ्या कारागिरालाच काही वेळ बसवून ठेवतं. हा कारागीर फक्त हळदीसाठी ठेवलेला नाही. त्याच्या आणि त्याच्या शेजारच्या इतर एन्झाइमांच्या हातून आपली कितीतरी औषधं जातात. फिटसाठीचं फेनिटोइन, रक्तदाबाचं प्रोप्रानोलोल, दम्याचं थिओफिलिन, यांचं रक्तातलं प्रमाण पिपरिनमुळे वाढतं, हे माणसांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. फेनिटोइनमध्ये योग्य मात्रा आणि जास्त मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. कॅप्सूलवर 'नैसर्गिक' लिहिलेलं असल्यामुळे घेणारा माणूस डॉक्टरांना ती सांगतच नाही.

अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणारा डॉक्टरांचा एक गट आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत दुखावलेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक जण दगावला. सात उत्पादनांची तपासणी करता आली, त्यांतल्या तीनमध्ये पिपरिन होतं. दहापैकी सात रुग्णांत एकच जनुकीय खूण होती, म्हणजे हा धोका सगळ्यांना सारखा नाही. कॅप्सूल घेणारे लाखो आहेत आणि हे दहा. मी घाबरवत नाही. पण शरीर एखाद्या रेणूला शेपूट लावून बाहेर काढतं, आणि आपण ती व्यवस्था बंद पाडून तो रेणू आत कोंबतो, तेव्हा यकृताला काय वाटतं हे विचारून घ्यायला हवं. तुमच्या-माझ्या घरातल्या फोडणीच्या हळदीबद्दल मी बोलत नाही, हे स्पष्ट सांगते. ती खा.

दुसरी युक्ती उलट दिशेची : कर्क्युमिनला आधीच ग्लुकोज जोडून ठेवायचं. प्रयोगशाळेत हे झालेलं आहे. पाण्यात ते मस्त विरघळतं, सरबतही करता येईल. पण ज्या पडद्याबद्दल आपण सुरुवातीपासून बोलतोय, तो पडदा तिथेच आहे. विरघळण्याचा प्रश्न सुटला की शिरण्याचा उभा राहतो. आत जाऊन कुणीतरी शेपूट कापलं तरच उपयोग.

कुणी म्हणेल, अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं, आपण ते हाणून पाडलं, मग हळद गुणकारी नाही असं कसं? १९९५ मध्ये दिलेलं ते पेटंट जखम भरण्यासाठीच्या वापराचं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या निकालाने सिद्ध झालं ते एवढंच, की हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं. कॅप्सूल गिळून सांधे बरे होतात, हे त्यात नाही.

तर मित्रांनो, माझं मत : कॅप्सूलचं मशीन घेऊ नका. त्यापेक्षा प्रत्येक लॉटची प्रयोगशाळेत तपासणी करा. कर्क्युमिन किती आणि शिसं किती, हे दोन आकडे पाकिटावर छापा. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात. लहान मुलांच्या मेंदूला शिसं काय करतं, ते सगळ्यांना माहीत आहे. 'शिसं नाही' हा दावा खरा ठरवता येतो. 'सांधेदुखी जाते' हा दावा तुम्हाला ठरवता येणार नाही, आणि उद्या कुणी कोर्टात गेलं तर निस्तरता येणार नाही.

हळदीवर फार बोलले. शेपटाचा चांगला उपयोग आता सांगते, तो थोडक्यात आहे. सोनामुखी. आपल्या आज्या रात्री घ्यायच्या, अजूनही मेडिकलमधल्या निम्म्या चूर्णांत तीच असते. तिच्यातल्या सेनोसाइड या द्रव्याला ग्लुकोजची दोन शेपटं असतात. त्यामुळे लहान आतड्यात ते शोषलंच जात नाही, सरळ मोठ्या आतड्यापर्यंत जातं. तिथले जिवाणू शेपटं कापतात आणि मोकळा झालेला भाग तिथल्या तिथे काम करतो. या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घ्यायची आणि सकाळी परिणाम. पत्त्याप्रमाणे पार्सल पोचवायचं तर वाटेत कुणी फोडू नये, हे काम इथे साखर करते. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर सोनामुखी मंद पडू शकते, त्याचं कारणही यातच आहे : शेपूट कापणारेच कमी झालेले असतात.

लातूरकरांसाठी सोयाबीन. (भावावर बोलायला उभी राहिले असते तर चहाची वेळ टळली असती, म्हणून ते सोडते.) सोयाबीनमधली आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं बियांमध्ये बहुतेक साखर जोडूनच साठवलेली असतात. ती तशीच शोषली जात नाहीत. आतड्याच्या अस्तरावरचं एक एन्झाइम आणि पुढे जिवाणू ती साखर आधी काढून टाकतात. जपानमध्ये सोयाबीन आंबवून मिसो करतात, इंडोनेशियात टेम्पे. तिथे हे कापण्याचं काम बरंचसं आंबवतानाच होऊन जातं.

हे जे आतड्यातलं एन्झाइम आहे, त्याचं नाव लॅक्टेज-फ्लोरिझिन हायड्रोलेज. त्यातला 'फ्लोरिझिन' शब्द लक्षात ठेवा, कारण इथून आपल्या वर्गातल्या मधुमेहींची गोष्ट सुरू होते.

१८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्यालाही ग्लुकोजचं शेपूट आहे. १८८६ मध्ये जर्मन वैद्य फॉन मेरिंग यांनी दाखवलं, की हे दिलं की लघवीतून साखर जाते. का जाते, ते कळायला पुढे बरीच दशकं लागली. आपली मूत्रपिंडं रोज साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. परत घेण्याचं नव्वद टक्के काम एसजीएलटी-२ नावाचा वाहक करतो. साखर तेलकट पडद्यातून जाऊ शकत नाही, म्हणून पेशीने तिच्यासाठी ठेवलेलं हे खास दार. फ्लोरिझिन आपलं ग्लुकोजचं शेपूट त्या दारात घालतं. दाराला वाटतं, साखर आली. पण शेपटाला मागे मोठं धूड आहे, ते आत जात नाही आणि दारही फिरत नाही. मग रक्तातली साखर लघवीत वाहून जाते.

मग ते मधुमेहावर का नाही दिलं? कारण तोंडावाटे घेतलं की आतड्यातलं ते एन्झाइम शेपूट कापून टाकतं. साखर आणि औषध यांना जोडणारा दुवा ऑक्सिजनच्या अणूचा असतो, आणि कात्री नेमकी तिथे चालते. रसायनशास्त्रज्ञांनी तो ऑक्सिजन काढला आणि साखर थेट कार्बनला जोडली. कात्री चालेना. त्यातून डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन आली. आज टेबलावर निघालेल्या पाकिटांपैकी दोनांवर ही नावं मी वाचली, माफ करा. पहिल्याचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपलं, दुसऱ्याचं मार्च २०२५ मध्ये, आणि दोन्ही वेळा किमती झपकन खाली आल्या.

मी सुरुवातीला म्हटलं, साखर जोडली की पडद्यातून जाणं कमी होतं. डापाग्लिफ्लोझिनला साखर आहे, तरी गिळलेल्या मात्रेतला साधारण ७८ टक्के भाग रक्तात पोचतो. कारण रेणूचा उरलेला भाग पुरेसा तेलकट आहे आणि आकारही फार मोठा नाही. नियम ढोबळ असतात, हिशेब पूर्ण रेणूचा करावा लागतो.

या गोळ्या घेणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या असतीलच, तरी परत सांगते. लघवीत साखर जाते म्हणून नाजूक जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. हे बायका घरी सांगत नाहीत आणि पुरुष डॉक्टरांनाही सांगत नाहीत. सांगा. साखरेबरोबर पाणीही जातं. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात, वारीत चालताना, जुलाब-उलट्या होत असताना याचा विचार व्हायला हवा. कडक उपवास, निर्जळी एकादशी करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ऑपरेशन ठरलं असेल तर गोळी साधारण तीन दिवस आधी थांबवतात, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती घेत असल्याचं सांगा. या औषधांवर असताना रक्तात आम्ल वाढण्याचा एक धोका असतो, आणि त्यात मीटरवरची साखर फार वाढलेली दिसतही नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागत असेल तर "शुगर तर ठीक आहे" म्हणून घरी थांबू नका. आणि मनाने गोळी बंदही करू नका. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ती अनेकांना उपयोगी पडते आहे.

शेवटचं उदाहरण थोडं जड आहे. २०२१ चा मे-जून. करोनातून उठलेल्या माणसांना काळी बुरशी, म्युकरमायकोसिस झाली होती. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली माणसं अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरली. आपल्या ग्रुपवरही रात्री-अपरात्री "कुठे मिळेल का" असे मेसेज येत होते. काहींना मिळालं, काहींना वेळेत मिळालं नाही.

अँफोटेरिसिनच्या रेणूलाही साखर आहे, मायकोसामिन नावाची. पण इथे ती पडद्यातून जाण्यासाठी किंवा जाणं अडवण्यासाठी नाही. हे औषध पडद्यावरच काम करतं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ असतो, आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल. अँफोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला घट्ट धरतं आणि बुरशी मरते. अमेरिकेत मार्टिन बर्क यांच्या प्रयोगशाळेने अँफोटेरिसिनमधून फक्त ती साखर काढून टाकलेला रेणू बनवला. त्याने एर्गोस्टेरॉलला धरलंच नाही, बुरशीही मेली नाही. म्हणजे इथे शेपूट हाच हात आहे. हा हात थोडाफार कोलेस्टेरॉललाही लागतो, म्हणून मूत्रपिंडांना त्रास होतो, आणि म्हणूनच औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून दिलेलं महाग इंजेक्शन सगळे शोधत होते. गोळी करून द्यावं तर एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही.

याच कुळातलं एक औषध आपल्या महाराष्ट्राच्या मातीतून निघालं आहे. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. तिथे एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीनाशक वेगळं केलं. जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, गावावरून. औषधाचं नाव हामायसिन, त्यातलं 'हा' कंपनीच्या नावातून. त्याच्या रेणूवरही तीच साखर आहे, मायकोसामिन. तोंड येणं, बुरशीचे पांढरे चट्टे, अशांवर ते वरून लावायला वापरलं गेलं.

माझं बोलणं झालं. प्रश्न असतील तर घेते. उत्पादक कंपनीवाल्यांनी जेवायच्या आधीच विचारा, कारण मला रात्रीच्या गाडीने निघायचं आहे.